निशाण वर असताना

अध्यक्षांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली आणि माझ्यापुढे धरली.

"पारखे, तुम्ही या मुलखातले. बघा बरं, तुम्हाला तरी कुणी दिसतंय का?"

मी दुर्बीण लावली. खाली तांबड्या माळावर हिवरमाळ हे गाव पसरलं होतं. साठ-पासष्ट घरं, एक शाळा, एक मारुतीचं देऊळ, एक पाण्याची टाकी. घरांना ओटे होते, पण ओट्यावर माणूस नव्हता. एका घरापुढे दोरीवर लुगडी वाळत होती, तेवढंच काय ते हलत होतं. गोठ्यात गुरंही दिसेनात.

"नाही सर," मी म्हणालो. "कुणीच दिसत नाही."

"म्हणजे मंत्रालयानं लिहिलंय ते अगदीच खोटं नाही तर."

आमचे अध्यक्ष त्यागीजी हिंदीतून बोलत. त्यांचं सगळं बोलणं मी इथे मराठीत सांगतो आहे. तेव्हा ते पाचव्यांदा खासदार झाले होते, त्याआधी शाळामास्तर होते, आणि मुलांच्या वह्या तपासाव्यात तसे ते सरकारी कागद बघत. त्यांच्या तोंडून हे वाक्य निघालं म्हणजे वाक्याला वजन होतं. ते मला कळलं, आणि बरंही वाटलं. दौरा लवकर आटोपेल, असा माझा हिशेब.

ही सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी दिल्लीला संसदेच्या सचिवालयात समिती-सहायक होतो. संरक्षण खातं काय करतं, का करतं आणि त्याचा लोकांवर काय परिणाम होतो, हे तपासायला खासदारांची एक समिती असते. तिचे दौरे आखायचे, कागद लावायचे, टिपणं लिहायची, हे माझं काम. संसदेत नोकरी म्हटलं की गावाकडच्या लोकांना वाटे, हा रोज मोठमोठी भाषणं ऐकत असेल. मी बहुतेक वेळ खुर्च्या पुरतील का याची काळजी करत असे.

प्रश्न असा होता. लष्कराकडे नव्या तोफा आल्या होत्या आणि त्यांचा पल्ला जुन्या तोफांपेक्षा बराच लांब होता. जुनी चांदमारी, म्हणजे तोफांच्या सरावाची जागा, लष्कराच्या भाषेत 'रेंज', त्यांना अपुरी पडू लागली. तेव्हा तिची हद्द वाढवायची आणि हिवरमाळसह तीन गावं ताब्यात घ्यायची, असा प्रस्ताव संरक्षण मंत्रालयाने केला होता. सोबतच्या टिपणात एक वाक्य होतं: 'सदर गावे वर्षातील बराच काळ रिकामी असतात.' हिवरमाळच्या ग्रामपंचायतीने समितीकडे अर्ज केला की हे खरं नाही, येऊन पाहा. म्हणून आम्ही पाहायला आलो होतो. समितीने अनुकूल मत दिलं की गाव जाणार, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

आणि आम्हाला दिसलं ते असं.

तोफांचं प्रात्यक्षिक नुकतंच संपलं होतं. कानाला दडे बसले होते. आमच्या मागे उंच काठीवर एक लाल निशाण फडकत होतं. मी ते पाहिलं होतं, पण लष्कराच्या तळावर झेंड्यांना काय तोटा, म्हणून सोडून दिलं. रेंजचे प्रमुख कर्नल बोरा टेलिफोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते. बोलणं संपवून ते आमच्या उपसचिवांकडे, नटराजन साहेबांकडे आले.

"गोळीबार थांबवलाय, रस्ता मोकळा आहे. आपण गावात जाऊ शकता. एक गोळा फुटलेला नाही, तो सापडेपर्यंत मला इथून हलता येणार नाही."

"हरकत नाही," नटराजन म्हणाले. "गावात लष्करी अधिकारी सोबत नको, असा आमचाच नियम आहे. लोक मोकळेपणी बोलतात."

नियम चांगला होता. त्या दिवशी बोलायला लोक नव्हते, एवढंच.

गाड्या मारुतीच्या देवळापुढे थांबल्या. धूळ बसली. सात खासदार, आम्ही चौघे कर्मचारी आणि आठवड्यापूर्वी बदलून आलेले एक तहसीलदार, असे आम्ही गावातून चालत गेलो. दारांना बाहेरून कड्या होत्या, कुलपं नव्हती. शाळा बंद. तहसीलदार प्रत्येक दारापुढे थांबून हाक मारत होते आणि हाकेला उत्तर आलं नाही की माझ्याकडे पाहत होते, जसं काही माणसं मी लपवून ठेवली आहेत.

त्यागीजी शाळेच्या ओसरीवर बसले. दहा मिनिटं थांबले. त्यांना राग आला होता, पण रागापेक्षा वाईट वाटलं होतं.

"यांना पत्र गेलं होतं?"

"गेलं होतं सर. मीच पाठवलं. मराठीतून," मी म्हणालो. "पोचल्याची सहीही आली आहे."

"पाच निवडणुका लढलोय मी. लोकांनी तोंडावर शिव्या दिल्यात, काळी निशाणं दाखवलीत. पण आपणच बोलवायचं आणि आपणच घरी नसायचं, हे पहिल्यांदा बघतोय."

एका घराच्या ओट्यावर डालगं उपडं ठेवलं होतं आणि त्याखाली कोंबड्या कुरकुरत होत्या. तुळशीच्या आळ्यात ओल होती. मी हे पाहिलं आणि गप्प बसलो, कारण समितीच्या टिपणात कोंबड्यांना जागा नसते. शिवाय तर्क लढवणं हे माझं काम नव्हतं. नटराजन साहेबांचा आवडता शब्द 'फर्निचर'. "आपण समितीचं फर्निचर आहोत, पारखे. खुर्ची कधी बोलते का? बोलायला लागली तर लोक तिच्यावर बसायचे थांबतील." ते विनोदाने म्हणत, पण मनापासून म्हणत.

परत निघताना ते मला म्हणाले, "लिहा. 'भेटीच्या वेळी गाव निर्मनुष्य आढळले.' बस. पुढे विशेषण नको, मागे कारण नको."

मी गाडीच्या बॉनेटवर वही टेकवून लिहिलं.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला आम्ही उतरलो होतो त्या विश्रामगृहावर शिपाई सांगत आला, की एक बाई पारखेसाहेब कोण म्हणून विचारते आहे. मी बाहेर आलो. पायरीखाली पन्नाशी ओलांडलेली एक बाई उभी होती. अंगावर घडी मोडलेलं हिरवं लुगडं होतं, म्हणजे सकाळपर्यंत ते पेटीत असणार. पायांवर धूळ गुडघ्यापर्यंत चढलेली.

"तुमीच पारखेसाहेब का? मी झुंबरबाई ढाकणे. हिवरमाळची सरपंच."

मला संताप आला. दिवसभराचा तो आत साठलेलाच होता.

"बाई, आता येताय? दिल्लीहून सात खासदार तुमच्या गावात येऊन गेले. तुमच्यासाठी. शाळेच्या ओसरीवर दहा मिनिटं बसले होते."

"बगितलं," ती म्हणाली. "गाड्या बगितल्या. धा मिंटं न्हाई, पंदरा मिंटं बसलं व्हते. पांढऱ्या टोपीवालं म्हातारं मधी बसलं व्हतं, तेच का मुख्य?"

"तुम्ही कुठून पाहिलं?"

"समोरून. खिंडीच्या उतारावरून, झाडीतनं. आमी समदे तिथंच व्हतो की. दोनशे चौदा माणसं. पोरास्नी न्हाऊ घातलेलं, बायांनी नवी लुगडी नेसलेली. नारळ आणले व्हते, मास्तरकडनं खुर्च्या नेऊन मांडल्या व्हत्या. म्हनलं आता येतील, मग येतील."

मला काही समजेना. "पण तुम्ही गावात का नव्हता? पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, गावात हजर राहावे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखादा परदेशी माणूस असावा.

"निशाण वर व्हतं ना."

"म्हणजे?"

"सायेब, निशाण वर गेलं की गावात मानूस ऱ्हात न्हाई. पहाटं उठायचं, गुरंढोरं घेऊन खिंडीच्या उतारावर जायचं. निशाण उतरलं की माघारी. निशाण वर असलं की गाव उतारावर असतंय, हे तर कुनालाबी ठावं हाय. आमाला वाटलं तुमी बी तिकडंच याल. मग तुमी गावात शिरला. एक-दोघं म्हनले बी, पळत जाऊन सांगून येऊ. मी जाऊ दिलं न्हाई."

"का? संसदेची समिती होती ती."

"असंल. पर निशाण वर व्हतं."

ती पायरीवर बसली, न सांगता. मीही मग वरच्या पायरीवर बसलो. शिपायाला चहा सांगितला. तिने सांगितलं ते असं, की बाहत्तर साली तिचा थोरला दीर गाय व्यायला झाली म्हणून निशाण वर असताना गोठ्यात मागे राहिला. गोळा गावात पडला नाही, गावाबाहेरच पडला, पण त्याचा एक तुकडा आला. वासरू जगलं. त्यानंतर पंचांनी मारुतीपुढे बसून ठरवलं, की आजपासून उतारावर गेल्यावर घरवार हजेरी घ्यायची. एक जरी माणूस कमी भरला तरी सरपंचाने रेंजच्या चौकीला निरोप धाडायचा आणि माणूस सापडेपर्यंत तोफ थांबवायची. आधी तिचा सासरा हजेरी घेई, मग पाटील, आणि आता तीन वर्षं ती.

"पंचवीस वर्सांत तोफ कवाच थांबवाया लागली न्हाई," ती म्हणाली. त्यात अभिमान होता, आणि तो तिने लपवला नाही.

"ही हजेरी लिहून ठेवता?"

"तर. वह्या हायेत. अकरा. घराचं नाव, मानसांची नावं, तारीख, अंगठा. पोरगं जलमलं की नाव चढतं, मानूस गेलं की खोडतो."

मी चहाचा कप तसाच धरून बसलो. मंत्रालय म्हणत होतं, गाव वर्षातला बराच काळ रिकामं असतं. खरंच होतं. निशाणाचे दिवस वर्षाला शंभराच्या वर. आणि दर वेळी गाव रिकामं होताना कुणी तरी लिहून ठेवत होतं, की त्यात कोण कोण राहतं.

"सायेब, येक इचारू?"

"विचारा."

"येरवी म्हैन्याच्या तारखांची यादी आदी येती. आजची तारीख यादीत नव्हती. काल अंधार पडता-पडता हवालदार सांगून गेला. आजचं निशाण कुनी लावाय सांगितलं?"

तिने हे अगदी सहज विचारलं, चहाची बशी खाली ठेवता ठेवता.

मला माझीच कार्यक्रमपत्रिका आठवली. सकाळी साडेदहा, तोफांचे प्रात्यक्षिक. दुपारी बारा, हिवरमाळ येथे ग्रामस्थांशी भेट. हा कार्यक्रम मी आखला होता. आखला म्हणजे काय, मागच्या वर्षीच्या वाळवंटातल्या दौऱ्याची कार्यक्रमपत्रिका समोर ठेवून उतरवून काढली होती. तिकडे समितीला प्रात्यक्षिक आवडलं होतं. तिकडे आसपास गाव नव्हतं. रेंजचे नियम कुठल्याशा परिशिष्टात जोडलेले होते आणि ते मी वाचलेले नव्हते. समितीत मराठी येणारा मी एकटा, म्हणून खास मला या दौऱ्यावर घेतलं होतं. आणि ज्या गावाला भेटायचं ते गाव मीच, सहीशिक्क्यानिशी, उठवून लावलं होतं.

"लष्कराचं काही असेल, बाई," मी म्हणालो. "मला कल्पना नाही."

"बरं," ती म्हणाली.

मी तिला उद्या सकाळी दहाला वह्या घेऊन यायला सांगितलं. अकराला समितीची लष्कराच्या आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांबरोबर शेवटची बैठक होती. तिथून मंडळी थेट विमानतळावर जाणार होती.

"आत घेत्याल?"

"बघतो."

नटराजन साहेब खोलीत सॉक्स वाळत घालत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण बैठकीच्या यादीत त्या बाई नाहीत. त्यांना लेखी निवेदन पाठवू द्या. मी ते फायलीत लावतो."

"सर, फायलीत लागेपर्यंत त्यागीजींचं मत पक्कं होईल. झालंच आहे. उद्या एक दहा मिनिटं..."

"कार्यक्रमात बदल करायचा तर मला कारण लिहावं लागेल. काय कारण लिहू? की समितीच्या सचिवालयानेच गाव रिकामं केलं?" त्यांनी दुसरा सॉक्स झटकला. "पारखे, तुमच्या बढतीची फाईल मार्चमध्ये निघेल. तुमचा गोपनीय अहवाल मी लिहिणार आहे, आणि चांगला लिहिणार आहे. त्या कार्यक्रमपत्रिकेवर तुमच्या सहीखाली माझीही सही आहे. वाक्यात आपण खोटं काही लिहिलेलं नाही. गाव निर्मनुष्यच होतं."

ते बरोबर होतं. त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच मला ते जेवताना गिळवेना.

दुसऱ्या दिवशी ती नऊ वाजताच आली. वह्यांचं गाठोडं डोक्यावर. मी तिला बैठकीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं. तिने पुन्हा काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

बैठक सुरू झाली. लांब टेबलाच्या एका बाजूला खासदार, दुसऱ्या बाजूला कर्नल बोरा, त्यांचे दोन अधिकारी आणि जिल्ह्याची मंडळी. आम्ही कर्मचारी भिंतीला पाठ लावून मागे. कर्नलांनी नकाशा उलगडला. नव्या तोफेचा पल्ला, गोळा कुठे पडू शकतो, सुरक्षेसाठी किती जागा मोकळी हवी. चांगलं समजावून सांगितलं, आणि ते सगळं खरं होतं. सरावाशिवाय तोफ म्हणजे नुसतं लोखंड, ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

मग त्यागीजी म्हणाले, "हिवरमाळबद्दल मला फारसं विचारायचं नाही. काल आम्ही प्रत्यक्ष पाहिलंय."

समितीच्या बैठकीत कर्मचाऱ्याने बोलायचं नसतं. अगदीच गरज पडली तर चिठ्ठी पुढे सरकवायची. तीही आपल्या साहेबांमार्फत. मी वहीचं पान फाडलं, चार ओळी लिहिल्या, उठलो, आणि नटराजन साहेबांच्या खुर्चीला वळसा घालून चिठ्ठी थेट अध्यक्षांच्या हातात दिली. नटराजन साहेबांकडे मी पाहिलं नाही.

त्यागीजींनी चष्मा बदलला. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"पारखे, हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो सर."

"मग तुम्हीच वाचा. उभे राहून. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

सतरा वर्षांच्या नोकरीत समितीपुढे मी पहिल्यांदा तोंड उघडत होतो. "महोदय, कालचे निशाण माझ्या कार्यक्रमपत्रिकेमुळे लागले. निशाण वर असताना गावात थांबण्यास मनाई आहे. गाव समोरच्या उतारावर आपली वाट पाहत होते. सरपंच बाहेर बसल्या आहेत. चूक माझी आहे."

मी चिठ्ठी घडी करून त्यांच्यापुढे ठेवली.

"कर्नल," त्यागीजी म्हणाले, "हे खरं आहे?"

"हो सर. काल सरावाचा दिवस नव्हता. समितीच्या पत्रावरून मी निशाण लावलं. तो न फुटलेला गोळा दुपारी साडेतीनला सापडला, तोवर निशाण उतरवता येत नव्हतं. गोळीबार थांबला होता म्हणून समितीला घरं पाहायला जाऊ दिलं; गाव उतारावर असणार, हे समितीला माहीत असेल असं मी धरून चाललो." त्यांनी नकाशावरच्या हिवरमाळवर बोट ठेवलं. "सर, आणखी एक सांगायला हवं. बाकीच्या गावांत निशाण लावल्यावर मी गस्त पाठवतो. कुणी ना कुणी मागे राहिलेलं असतंच. हिवरमाळला मी गेली तीन वर्षं गस्त पाठवलेली नाही. गरज पडत नाही."

त्यागीजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे त्यांनी आपलं ऐकलं, म्हणूनच आपण म्हणत होतो की तिथे कुणी राहतच नाही," ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, "बाईंना आत बोलवा."

झुंबरबाई आत आली, टेबलाला हात लावून नमस्कार केला आणि गाठोडं सोडलं. त्यागीजींनी वरची वही उघडली. मी शेजारी उभा राहून हिंदी करत होतो. मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे हजेरीची वही हातात आल्यावर त्यांनी आधी खोडलेली नावं शोधली.

"हे नाव का खोडलंय?"

"लगीन होऊन सासरी गेली."

"आणि हे?"

"वारला. म्हातारा व्हता."

"हे शेवटचं, वेगळ्या शाईतलं?"

"त्याचं बारसं परवा झालं. काल त्याची पयली हजेरी."

त्यागीजींनी पानं उलटली. बराच वेळ. मग वही मिटून म्हणाले, "बाई, या कर्नलसाहेबांना तोफांच्या सरावाला जागा हवी आहे. देशाचं काम आहे. तुमचं काय म्हणणं आहे?"

ती उभीच होती. पदर सारखा केला.

"तोफा नगो असं आमचं म्हननं न्हाई. फौजेला तोफा पाह्यजेत, त्या उडवाय जागा बी पाह्यजे. निशाण लावा, आमी उठून जातो. दोनशे दिस लावा, दोनशे दिस जातो. पर जातो ते सांजच्याला माघारी यायच्या बोलीवर जातो. तेवढी बोली मोडू नगा."

मी हिंदी केलं. 'बोली'पाशी मी अडखळलो, मग 'वचन' म्हणालो. कर्नल बोरा नकाशाची गुंडाळी करत होते, ते करायचे थांबले.

त्यागीजींनी नटराजन साहेबांकडे मान वळवली. "कालच्या टिपणात काय लिहिलंय?"

नटराजन साहेबांनी वाचलं. "भेटीच्या वेळी गाव निर्मनुष्य आढळले."

"पुढे लिहा," त्यागीजी म्हणाले. "कारण समिती तिथे आली होती."

पुढचं थोडक्यात सांगतो. समितीच्या अहवालात ते वाक्य तसंच छापून आलं. नव्या तोफांच्या सरावासाठी दुसरीकडची मोठी रेंज वापरावी आणि हिवरमाळजवळच्या रेंजची हद्द आहे तीच ठेवावी, अशी शिफारस झाली. सरकारने नोंद घेतली असल्याचं कळवलं. सरकार नोंद घेतं म्हणजे बहुधा काहीच घेत नाही, पण या वेळी प्रस्ताव बासनात गेला आणि तिथेच राहिला. माझ्या गोपनीय अहवालात नटराजन साहेबांनी लिहिलं, 'प्रामाणिक, परंतु मर्यादेचे भान ठेवणे आवश्यक.' दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. बढती तीन वर्षं उशिरा मिळाली. माझ्या बायकोने त्याबद्दल मला पुष्कळ ऐकवलं, आणि गोष्ट सांगायची वेळ आली की पाहुण्यांना ती स्वतःच सांगे.

पण त्या दिवशी यातलं काही ठरलेलं नव्हतं. बैठक उठली. गाड्या पोर्चमध्ये लागल्या, खासदारांचं सामान चढू लागलं. झुंबरबाई बाहेरच्या बाकावर वह्या पुन्हा बांधत होती. मी चिठ्ठी वाचली तेव्हा ती बाहेर होती. तिने ऐकलेलं नव्हतं. मला हे असंच ठेवून विमानात बसता आलं असतं.

मी तिच्याजवळ गेलो.

"मावशी, एक सांगायचं राहिलं. कालचं ते निशाण माझ्यामुळे लागलं. कार्यक्रम मीच केला होता. काल तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

ती गाठ मारत होती. ती पक्की केली, ओढून पाहिली, मग वर बघितलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "हवालदार सही घ्याया आला तवा कागद दावला व्हता. मास्तरनं वाचला. खाली तुमचंच नाव व्हतं."

"मग काल विचारलंत कशाला?"

"म्हनलं, दिल्लीचा मानूस चुकलो म्हनतो का बगावं. म्हनला तर म्होरं बोलन्यात काय तरी अर्थ हाय. न्हाई तर आपलं घरी जावं."

"पण काल तर मी कबूल केलं नव्हतं. तरी तुम्ही आज आलात."

"आता लेकरं तरी कुटं पयल्या दिशी कबूल व्हत्यात," झुंबरबाई म्हणाली, आणि गाठोडं डोक्यावर चढवायला मला हात लावायची खूण केली.